प्रयागताईंचं अनुमोदन

ऑनलाइन वर्गात सरांनी नाव घेतलं की प्रयागताई उभ्या राहायच्या. खुर्चीत बसलेला, नीट भांग पाडलेला त्यांचा चेहरा एका क्षणात पडद्याच्या वर निघून जायचा. मग आम्हा साठ जणांना दिसायच्या त्या फक्त साडीच्या निऱ्या आणि पदराचं टोक चुरगाळणारा हात. आवाज कुठून तरी वरून यायचा. "ताई, बसून बोला," असं सर हसत म्हणायचे. "गुरुजींसमोर बसून कसं बोलावं सर? तोंडातून शब्दच निघत न्हाई," असं निऱ्या उत्तर द्यायच्या. वर्गातली पोरं हसणाऱ्या तोंडांची चित्रं पाठवायची. मीही एकदा पाठवलं होतं.

तो लॉकडाऊनचा काळ होता. मी नांदेडला एका शाळेच्या ऑफिसात कनिष्ठ लिपिक होते आणि लग्नात अर्धवट सुटलेलं बी.ए. पुरं करायला बसले होते. शेवटचं वर्ष होतं आणि सगळं मोबाइलवर आलं होतं. आमच्या वर्गाला वर्ग म्हणायचं ते सवयीनं. कॅमेरे बंद, काळे चौकोन, आणि चौकोनांवर मोबाइल ज्याचा असेल त्याचं नाव. कुणी 'बाळूचे पप्पा', तर कुणी नुसतंच 'किराणा दुकान'. या अंधारात एकच खिडकी उघडी असायची, प्रयागताईंची. इस्त्रीची साडी, समोर वही, मागे रिकाम्या टेबलांची रांग.

ती टेबलं लातूरच्या एका मुलींच्या होस्टेलच्या अभ्यासिकेतली. प्रयागताई तिथं रेक्टर होत्या. मुखेड, लोहा, औसा, कुठून कुठून पोरी डॉक्टर व्हायला लातूरला येतात, क्लास लावतात, मेसचा डबा खातात आणि पहिल्या टेस्टचे मार्क लागले की बाथरूममध्ये जाऊन रडतात. अशा पोरींना प्रयागताईंचं एकच वाक्य ठरलेलं होतं. "रडायचं असंल तर जेवून रड. उपाशी रडलं की लई दम लागतो." पोरी जेवायच्या, आणि जेवल्यावर बहुतेकींना रडण्याचा कंटाळा यायचा. लॉकडाऊनमध्ये पोरी घरी गेल्या तेव्हा ही बाई त्या तीन मजली इमारतीत गाद्या सांभाळत एकटी राहिली. मालकानं त्यांना सांगून ठेवलं होतं, की पुन्हा होस्टेल सुरू होईल तेव्हा बोर्डावर 'पदवीधर रेक्टर' असं लिहावं लागेल. पालक तेच विचारतात. त्यामुळे त्या वर्षी पास होणं माझ्यासाठी हौस होती, त्यांच्यासाठी नोकरी. त्यांचं लग्न फार दिवस टिकलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. होस्टेल हेच घर होतं.

आमच्या अभ्यासक्रमात चर्चेला मार्क होते. सर एक विषय टाकायचे. त्यावर प्रत्येकानं आपलं मत लिहायचं आणि दुसऱ्या दोघांच्या मतावर प्रतिसाद द्यायचा. मी पहिल्या चर्चेत ग्रंथालयांवर मोठ्या हौसेनं दीड पान लिहिलं. चार दिवस कुणी ढुंकून पाहिलं नाही. पाचव्या दिवशी खाली एक ओळ उमटली. 'सौ. वर्षाताई यांनी मांडलेल्या वरील मतास मी अनुमोदन देते. प्रयाग.'

मला हसू आलं आणि बरंही वाटलं. मग लक्षात आलं, की ही बाई ज्यांना कुणीच उत्तर दिलेलं नाही अशांना शोधून शोधून अनुमोदन देत होती. सरांनी वर्गात समजावलं, "ताई, नुसतं सहमत आहे म्हणून चालत नाही. स्वतःचं काही लिहा. याला मार्क देता येत नाहीत." निऱ्या म्हणाल्या, "हाव सर." आणि पुढच्या चर्चेत पुन्हा सात जणांना अनुमोदन.

मी फोन नंबर मिळवून त्यांना फोन केला. म्हटलं, हे अनुमोदनाचं काय काढलंत? त्या खळखळून हसल्या. "अवो, माझी सवय हाय ती. भूकंपाच्या वर्षी मी धाव्वीत होते. गाव गेलं, आमी पत्र्याच्या शेडमधी आलो. तिथं रोज बैठका. कुणाला कोणतं घर, नळ कुठं, शाळा कुठं. लिवणारं माणूस ऱ्हायलं न्हवतं, मनून मला बसवलं वही देऊन. मी ठराव लिवायचे. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. एखादं म्हातारं उठून काहीतरी बोलायचं अन् कुणीच अनुमोदन द्यायचं न्हाई. मग ते तसंच खाली बसायचं. ते मला बघवायचं न्हाई, वर्षाताई. मनून लिवता लिवता मीच हात वर करायचे."

त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. मोबाइलवर मराठी टाइप करताना त्यांची बोटं अडखळायची, ओळ संपेपर्यंत साइट त्यांना बाहेर काढायची. म्हणून त्यांनी मला पासवर्ड देऊन टाकला. त्या फोनवर सांगायच्या, मी टाइप करून त्यांच्या नावानं टाकायचे. 'ताई' गेलं आणि मी नुसती वर्षा झाले. ऑफिसातल्या कटकटी, सासूबाईंचं पथ्य, सगळं मी त्यांना सांगायचे. त्या मन लावून ऐकायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "जेवलीस का? जेव आधी."

वर्ष संपत आलं आणि शेवटच्या चर्चेचा विषय आला. नैसर्गिक आपत्ती आणि समाज. तोवर प्रयागताईंचे चर्चेचे मार्क इतके कमी होते, की या एका चर्चेवर त्यांचं पास-नापास लटकलं होतं. मला तर आनंदच झाला. म्हटलं, आता यांनी लिहायचं नाही तर कुणी? बाकीचे वेबसाइटवरून उतरवून टाकतायत, तुम्ही तर डोळ्यांनी पाहिलंय! मग त्या म्हणाल्या, "मला न्हाई लिवता येत त्याच्यावर."

मी हट्टच धरला. मुदतीचा शेवटचा दिवस होता, पास होणं त्यांच्या भल्याचं होतं, आणि मला वाटत होतं की त्यांना फक्त थोडा धक्का द्यायची गरज आहे. मग त्यांनी का लिहिता येत नाही ते सांगितलं.

त्यांची थोरली बहीण गया. मुखेडला दिलेली, लग्नाला वर्ष झालेलं, महालक्ष्म्यांसाठी माहेरी आलेली. गणपती विसर्जनाच्या दिवशी दुपारच्या एसटीनं ती सासरी परत निघणार होती. प्रयागला वाटलं, अक्कानं विसर्जन बघून जावं, एकच दिवस जास्त राहावं. म्हणून तिनं अक्काची कपड्यांची पिशवी कडब्याच्या गंजीत खुपसून ठेवली. सगळं घर पिशवी शोधत राहिलं. शेवटी प्रयागनंच ती सापडल्याचं सोंग केलं, पण नेमकी अशा वेळी, की सगळे फाट्याकडे पळत सुटले तेव्हा गाडी हलली होती. आईनं हात केला, हाका मारल्या. ड्रायव्हरनं गाडी थांबवली नाही. संध्याकाळी दोघी बहिणींनी मिळून विसर्जन बघितलं. पहाटे जमीन हलली. प्रयागला ढिगाऱ्यातून काढलं, गया गेली.

"आई आजूक त्या डायवरला शिव्या घालती," त्या म्हणाल्या. "दोन मिन्टं थांबला असता तर माझी गया वाचली असती मनती. दर साली त्या दिवशी त्याच्या नावानं बोटं मोडती. मी पुढ्यात बसून ऐकते. इतक्या वर्सांत माझ्या तोंडून निघालं न्हाई. तुला सांगितलं आज. तू लिव काहीबी, सरकारनं काय केलं, घरं कशी बांधली. पर हे न्हाई."

मी हो म्हणाले. आणि तेच लिहिलं.

कारणं माझ्याकडे भरपूर होती. सरांना अनुभव हवा होता, सरकारी घरांवर मार्क मिळाले नसते, वर्गातलं ते वर्गातच राहणार होतं. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते मला तेव्हाही माहीत होतं. ती गोष्ट ऐकल्यापासून माझे हात शिवशिवत होते. मी ती 'मी' म्हणून लिहिली, प्रयाग होऊन. अक्काच्या वेणीतला झेंडू, गंजीतला कडब्याचा वास, विसर्जनाच्या गुलालात रंगलेल्या दोघी, सगळं माझ्या मनानं भरलं. लिहिता लिहिता मी रडले आणि लिहून झाल्यावर मला माझंच कौतुक वाटलं. मग त्यांच्या नावानं ते चर्चेत टाकून मी कणीक मळायला गेले.

तासाभरात प्रतिसादांची रांग लागली. जोडलेले हात, रडणारी तोंडं, 'निःशब्द'. सरांनी लिहिलं, 'याला म्हणतात सहभाग. पूर्ण गुण.' प्रत्येक प्रतिसाद मी तीन-तीनदा वाचला. प्रयागताईंना फोन करून नुसतं म्हटलं, पास झालात. त्या म्हणाल्या, "लई उपकार झाले गं." त्यांनी वाचलं नव्हतं. माझ्यावर सोपवलं म्हणजे सोपवलं.

वर्गातल्या कुणीतरी ते उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं, खाली त्यांचं नाव गावासकट. तिसऱ्या दिवशी ते त्यांच्या गावच्या ग्रुपवर पोचलं. त्यांचा धाकटा भाऊ बालाजी अंगणात बसला होता, शेजारीपाजारी होते. आपल्या ताईचं लिहिलेलं एवढं गाजतंय म्हणून त्यानं ते आधी न वाचताच आईला मोठ्यानं वाचून दाखवायला घेतलं. अर्ध्यात त्याला कळलं की आपण काय वाचतोय. पण तोवर सगळे ऐकत होते आणि आई म्हणाली, "थांबू नकोस. पुढं वाच."

संध्याकाळी मला फोन आला. "वर्षा, ते काढून टाक." एवढंच. मी काढलं. पण मोबाइलमधून मोबाइलमध्ये गेलेली गोष्ट परत कशी आणणार? बालाजीनं त्यांना सुचवलं होतं, की ताई, आईला सांग हे कॉलेजसाठी रचून लिहिलेलं आहे, सगळं खोटं. तीही वाट मोकळी होती. ताईंनी आईला फोनवर सांगितलं, "लिवलेलं माझं न्हाई, आई. पर झालेलं खरं हाय." पलीकडून आईनं फोन बालाजीच्या हातात दिला.

पुढच्या वर्गात सरांनी शेवटच्या चर्चेचं कौतुक करायला त्यांचं नाव घेतलं. प्रयागताई उभ्या राहिल्या. "सर, ते मी लिवलेलं न्हाई. ते मार्क काढून घ्या."

"ताई, काय बोलताय तुम्ही? मार्क गेले तर अंतर्गतमध्ये नापास व्हाल."

"हाव. ठाऊक हाय मला."

"मग कुणी लिहिलं?" सरांचा आवाज चढला. "तुमच्या नावावरून दुसरं कुणी लिहितं, ही गंभीर गोष्ट आहे. कुणी लिहिलं?"

"ते नगा इचारू सर."

"वर्गातलं कुणी आहे का? असेल तर आत्ता बोला."

माझा काळा चौकोन तिथंच होता, त्यावर माझं नाव होतं, माइक बंद होता. बोट माइकच्या खुणेवर ठेवलेलं मला अजून आठवतं. एकदा दाबायचं होतं. मी म्हटलं असतं, सर, मी लिहिलं, गोष्ट त्यांची आहे, त्यांना मार्क द्या, मला काय शिक्षा करायची ती करा. कदाचित सरांनी त्यांना पुन्हा लिहायची संधी दिली असती. पण मला माझं वर्ष दिसत होतं, ऑफिसात वाटायचे पेढे दिसत होते. सगळे चौकोन गप्प होते, त्यांत मीही गप्प होते. त्यांचा चेहरा पडद्याबाहेर होता म्हणून मला दिसला नाही. खरं सांगायचं तर त्याचं मला बरं वाटलं.

दोन दिवसांनी धीर करून फोन लावला. त्यांनी आधी विचारलं, जेवलीस का. मग म्हणाल्या, "परवा सर इचारत होते तवा तू होतीस का वर्गात?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला वाटलं, तुझी रेंज गेली असंल."

"हो," मी म्हणाले. "गेली होती."

"तेच मनलं मी," त्या म्हणाल्या. त्यांनी मला निसटायला वाट करून दिली होती आणि मी निसटले. एवढ्या चांगल्या माणसाशी मी आधी दोनदा खोटं वागले होते, एकदा लिहून आणि एकदा गप्प राहून. हे तिसरं त्याहून सोपं गेलं.

मी पास झाले. प्रयागताई अंतर्गतमध्ये नापास झाल्या. होस्टेल सुरू झालं तेव्हा मालकानं एक पदवीधर मुलगी ठेवली. ताई आपली ट्रंक घेऊन गावी गेल्या, आईकडं. आई त्यांच्याशी बोलत नव्हती. त्या भाकरी वाढायच्या, आई खायची. त्या केस विंचरून द्यायच्या, आई बसायची. पण शब्द नाही. आणखी एक बदल झाला होता. त्या वर्षी तो दिवस आला तेव्हा आईनं ड्रायव्हरला शिव्या दिल्या नाहीत. मला हे फोनवर सांगताना ताई म्हणाल्या, "शिव्या देत होती तवा बरं होतं गं. आता गप बसती अन् माझ्याकडं बघती." पदवीचं पुन्हा बघू म्हटलं तर म्हणायच्या, "आता कोणतं होस्टेल सांभाळायचंय मला?" मीही फोन कमी केले. कामं होती म्हणायचे. पुढच्या उन्हाळ्यात ताईंना कावीळ झाली, आठ दिवस लातूरच्या दवाखान्यात होत्या, आणि गेल्या. वर्गाच्या जुन्या ग्रुपवर कुणीतरी बातमी टाकली. खाली साठ जणांचे जोडलेले हात. त्यांतले निम्मे तेच, त्या चर्चेखाली उमटलेले.

महिन्याभरानं मी गावी गेले. आयुष्यात मी प्रयागताईंना एकदाही प्रत्यक्ष भेटले नव्हते आणि आता त्यांच्या दारात उभी होते. भूकंपानंतर बांधलेल्या, एकसारख्या घरांच्या ओळीतलं घर. म्हातारी ओसरीवर बसलेली. बालाजीनं सांगितलं, ताईच्या वर्गातली बाई आलीय, नांदेडहून. मी पाया पडले आणि वाटभर घोकलेलं बोलून टाकलं. "आजी, ते तुम्हाला वाचून दाखवलं ना, ते मी लिहिलं होतं. त्यांनी नको म्हटलं होतं. नंतर वर्गात विचारलं तेव्हाही मी गप्प बसले. त्यांची नोकरी माझ्यामुळं गेली."

मला वाटलं, आता म्हातारी मला घालवून देईल. दिलं असतं तर सोपं झालं असतं.

"तुज्याकडं हाय का ते आजूक?" तिनं विचारलं. "बाल्यानं पुसून टाकलं."

माझ्याकडं होतं.

"वाच," ती म्हणाली. "माज्या दोगी पोरी एका जागी त्यातच हायत आता."

मी वाचायला लागले. वेणीतला झेंडू, गंजी, पिशवी, फाटा. फाट्यापाशी आल्यावर तिनं हात वर केला.

"त्या डायवरला मी लई शिव्या दिल्या गं," ती म्हणाली. "त्याचं वाटोळं व्हावं मनले. त्याचीबी लेकरं असतील. हे ऐकलं अन् मला माजीच लाज वाटली. तोंडच उचलंना. पयागीला वाटलं, आई रागं भरली. लेकरू होती ती, अक्का ऱ्हावी मनून तिनं पिशवी लपवली, त्याचा काय राग करायचा? आज बोलते, उद्या बोलते करत ऱ्हायले. ती मला रोज भाकर वाढायची, अन् मी रोज उद्यावर ढकलायचे."

मी विचारलं, "त्यांना हे कधीच कळलं नाही?"

म्हातारीनं मान हलवली. नाही.

बालाजी उठून आत गेला. मग तिनं माझ्या हातातल्या मोबाइलकडं बोट केलं आणि म्हणाली, "पयल्यापासून वाच."